दिव्याचा जमाखर्च

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

तालुक्याच्या कोणत्याही गावी एसटी स्थानकाच्या आसपास मोटारसायकलच्या सामानाची दोन-चार दुकाने असतातच. दर्शनी भागात जादा दिवे टांगलेले असतात. गोल, चौकोनी, पिवळे, निळसर पांढरे; सोबत हातभर वायर आणि एक बटण. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, ‘उजेड किती लांब पडतो?’ दुसरा प्रश्न किमतीचा. या दिव्याला वीज कोण देणार, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अर्ध्या तासात दिवा बसतो. हॅण्डलजवळची एखादी वायर सोलून तिला जोड दिला जातो, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली जाते. पुढचा पाऊस पडेपर्यंत सगळे छान चालते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी बरीच वर्षे वाहनांच्या विजेचे काम शिकवले. नवी तुकडी आली की पहिले दोन तास मी मुलांच्या हाती पक्कड देत नसे, जुन्या दिव्यांच्या गोष्टी सांगत असे. मुलांना तो वेळकाढूपणा वाटायचा. पण मोटारसायकलवरचा प्रत्येक खटका, प्रत्येक फ्यूज कुणाच्या तरी अडचणीतून आलेला आहे. ती अडचण समजली, की वायर कुठून न्यावी हे फारसे सांगावे लागत नाही. आज तीच गोष्ट आपल्यापुढे ठेवतो.

पहिल्या मोटारसायकलींवर विजेचे दिवे नव्हते. सायकलीला जो तेलाचा दिवा लावत, तोच या नव्या यंत्राला लावला जाई. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास याने हातगाडीवर दिव्याचे तेल विकत धंदा सुरू केला आणि पुढे सायकलीच्या दिव्यांवर नाव कमावले. हे नाव पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. तेलाच्या दिव्याने आपण समोरच्याला दिसतो, पण आपल्याला रस्ता दिसत नाही. ही उणीव कार्बाइडने भरून काढली. १८९२ मध्ये थॉमस विल्सन हा संशोधक अमेरिकेत विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम करण्याच्या खटपटीत होता. हाती आले ते कॅल्शियम कार्बाइड. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळतो. आंबे पिकवायला अढीत कार्बाइडच्या पुड्या ठेवण्याचा, कायद्याने बंदी असलेला प्रकार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्या खड्यांचा लसणीसारखा उग्र वास आठवेल.

या दिव्याच्या वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे आणि मध्ये थेंब थेंब पाणी सोडणारी चावी असे. अंधार पडला की स्वाराने खाली उतरायचे, चावी फिरवायची, वायू साचेपर्यंत थांबायचे आणि काडी ओढायची. घरी पोचल्यावर आतला राखाडी चिखल खरवडून काढायचा. कटकट मोठी होती, पण उजेड खरोखर चांगला होता. शिवाय त्या दिव्याचे आणि इंजिनाचे हिशेब वेगळे होते. दिवा विझला तरी गाडी चालत राही. गाडी बंद पडली तरी दिवा तेवत राही, त्याच्या उजेडात दुरुस्ती करता येई. विजेच्या दिव्याने हे दोन हिशेब एका वहीत आणले, आणि खरी भानगड तिथून सुरू झाली.

वीज गाडीवर तेव्हाही तयार होतच होती. पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते, आणि ती देणारा मॅग्नेटो रॉबर्ट बॉश यांच्या जर्मनीतील कारखान्यात विकसित झाला. त्यांच्याकडचे अभियंते गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये त्याचे उच्च दाबाचे रूप सिद्ध केले. लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे एवढ्यावर काम भागे. बॅटरी लागतच नसे. पण मॅग्नेटो ठिणगीपुरता. क्षणाक्षणाला चमकणाऱ्या ठिणगीवर दिवा जळत नाही.

मग बॅटरीच बसवू या, असे अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या हेंडी कंपनीला वाटले. तिच्या गाडीचे नाव ‘इंडियन’. आपल्या देशाशी त्याचा काही संबंध नाही. १९१४ मध्ये तिने ‘हेंडी स्पेशल’ बाजारात आणली. विजेचे दिवे, वर विजेचा स्टार्टर, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. किक मारायची दगदग संपली, असा सगळा थाट होता. पण त्या काळच्या बॅटऱ्यांना हा भार झेपला नाही. जमेपेक्षा खर्च जास्त झाला आणि गिऱ्हाइकांना पुन्हा पायाने गाडी सुरू करावी लागली. ती गाडी एका वर्षातच यादीतून गेली. जादा दिवे विकणाऱ्या प्रत्येक दुकानात हेंडी स्पेशलचा एक फोटो टांगावा, असे मी वर्गात थट्टेने म्हणत असे.

टिकाऊ तोड निघाली ती १९२० च्या दशकात, आणि ती लुकासच्याच कारखान्यातून. ‘मॅगडायनो’ म्हणजे मॅग्नेटो आणि डायनमो यांची एकावर एक बसवलेली जोडी. ठिणगीचे काम मॅग्नेटोचे, दिवे आणि बॅटरीचे काम डायनमोचे. डायनमो बिघडला तरी ठिणगी चालू, म्हणजे माणूस अंधारात का होईना घरी पोचे. बॅटरी सहा व्होल्टची आणि डायनमो ४५ ते ६० वॅटचा. आज आपल्या घरात एक पंखा याहून जास्त वीज खातो. तेवढ्यात पुढचा दिवा, मागचा दिवा आणि हॉर्न भागवायचा होता. इंग्रज मोटारसायकलस्वार लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून हिणवत. ही थट्टा मला थोडी अन्यायाची वाटते. जुन्या गाड्या मी पुष्कळ उघडल्या आहेत. त्यातले बरेचसे दोष मूळ यंत्रात नसून नंतर कुणीतरी घातलेल्या जोडात, गंजलेल्या स्क्रूत किंवा सैल झालेल्या अर्थच्या वायरीत सापडतात.

१९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. त्या गाडीच्या हेडलाइटच्या डोक्यावर एक लहानशी तबकडी असे. मध्यभागी शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. हा ॲमीटर. वीज बॅटरीत जमा होते आहे की तिच्यातून खर्ची पडते आहे, हे त्या काट्यावर दिसे. दिवा लावला की काटा उण्याकडे झुके. गाडीने वेग घेतला की हळूहळू शून्य ओलांडून अधिकाकडे येई. जुना बुलेटवाला रात्री जसा रस्त्याकडे पाही, तसा अधूनमधून या काट्याकडेही पाही. चालत्या गाडीत दिवा लावून काटा मधल्या रेघेपलीकडे आलाच नाही, तर पुढच्या गावी मुक्काम करावा लागेल हे त्याला कळे. त्याला ओहमचा नियम शिकवावा लागला नाही. पुढे बहुतेक गाड्यांवरून ॲमीटर गेला, आणि माझ्या मते मोटारसायकलचे त्यात नुकसान झाले. पेट्रोलचा काटा सगळ्यांना हवा, विजेच्या काट्याची मात्र कुणाला आठवणही नाही.

त्याच बुलेटच्या मोठ्या दिव्याच्या दोन्ही अंगांना दोन इवलेसे दिवे असत. आपल्याकडे त्यांना ‘टायगर लॅम्प’ म्हणतात. जादा उजेडासाठी हे दिवे दिले, असा पुष्कळांचा समज आहे. ते पायलट दिवे. अंधारात गाडी रस्त्याकडेला उभी करताना मोठा दिवा बंद करून हे लावायचे, म्हणजे गाडी दिसते आणि बॅटरीही उतरत नाही. म्हणजे जादा दिवे दिले होते ते वीज वाचवण्यासाठी! आज नेमके उलट झाले आहे.

म्हैसूरला तयार होणाऱ्या जावाचीही तीच कथा. सहा व्होल्ट, ४५ वॅटच्या आसपासचा डायनमो. १९७१ च्या डिसेंबरात युद्धामुळे मुंबईत ब्लॅकआउट होता, हेडलाइटच्या काचा काळ्या रंगवल्या जात होत्या. त्या वेळचे काही जावावाले सांगत, की आमच्या दिव्याला रंग लावायची वेगळी गरजच नव्हती. हा विनोद, पण खरा तपशील त्यात आहे. सहा व्होल्टच्या व्यवस्थेत तेवढ्याच वॅटसाठी बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. ३० वॅटच्या दिव्याला पाच अँपिअर. वायरीतला, जोडातला, गंजातला अडथळा प्रवाहावर आपला कर घेतो, आणि सहातला एक व्होल्ट वाटेत गेला तर सहावा हिस्सा गेला.

स्कूटरचा मार्ग आणखी वेगळा. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली. तिचा हेडलाइट इंजिनाच्या चाकातल्या मॅग्नेटोवरच चाले. चौकात थांबलो की दिवा मिणमिणायचा, रेस केली की उजळायचा. रात्री खड्ड्यासमोर वेग कमी करावा, तर नेमका तेव्हाच उजेड कमी! पन्नाशीपुढच्या वाचकांनी अंधाऱ्या रस्त्यावर क्लच दाबून, उगीच रेस करून खड्डा न्याहाळला असेल.

१९८४ ते १९८६ या काळात जपानी भागीदारीतल्या १०० सीसीच्या गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहाची आरएक्स १००, कावासाकी बजाज. पेट्रोल कमी, आवाज कमी, वायरिंग सुबक. पुढे बारा व्होल्टचा प्रघात पडला. पण अशा अनेक गाड्यांत एक गोष्ट जुन्या स्कूटरसारखीच राहिली, आणि जादा दिवे लावणारे तिथेच फसतात. हेडलाइट थेट जनित्राच्या प्रत्यावर्ती, म्हणजे एसी विजेवर चाले. बॅटरी होती ती इंडिकेटर, हॉर्न आणि ब्रेकच्या दिव्यापुरती. ती इतकी लहान, की किकच्या गाड्यांत अडीच अँपिअर-तासांची बॅटरी पुरे पडे.

आता हिशेब करून पाहा. ५५ वॅटचा एक हॅलोजन दिवा बारा व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. अडीच अँपिअर-तासांची नवी कोरी बॅटरी त्याला अर्धा तास कशीबशी पोसेल. दोन दिवे लावले तर पाव तास. त्या काळच्या लहान गाड्यांच्या जनित्राची एकूण ताकदच शंभर वॅटच्या आसपास, तीही इंजिन वेगात असताना. तिच्यातून बॅटरीच्या वाट्याला थोडेच येई. दुकानदार म्हणे, ‘बॅटरी मोठी बसवा.’ मोठ्या बॅटरीने उत्पन्न वाढत नाही. हौद मोठा बांधला म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विजेच्या बाबतीत मात्र सांगावे लागते.

हॅलोजनची हौस आपल्याकडे आली ती मोटारींकडून. १९७१ मध्ये युरोपात एच-४ हा दिवा निघाला. एकाच काचेत दोन तंतू, अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५. त्याचा उजेड पाहिल्यावर जुना पिवळट बल्ब कुणाला आवडेना. मोटारीला तो शोभला, कारण तिचे जनित्र मोठे. मोटारसायकलवाल्याने तोच दिवा, तोच उजेड मागितला. पण त्याच्या हॅण्डलवरचा खटका आणि खालची वायर ३५ वॅटच्या दिव्याच्या मापाने बेतलेली होती.

हे माप काय प्रकरण आहे ते जरा सविस्तर सांगतो, कारण गाडी जळण्याच्या बहुतेक गोष्टी इथून सुरू होतात. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, सुमारे ९.२ अँपिअर. बाजारात दिव्याबरोबर मिळणारी वायर बहुधा बारीक असते. ती अर्धा चौरस मिलिमीटर धरा. बॅटरीपासून हॅण्डल, हॅण्डलपासून दिवा आणि परतीचा मार्ग मिळून चार मीटर होतात. तेवढ्या तांब्याच्या वायरीत सुमारे १.३ व्होल्ट हरवतात, म्हणजे बाराचे पावणेअकराच उरतात. हे काही फार नाही, असे वाटेल. पण तंतूच्या दिव्याचा स्वभाव असा, की दाब दहा टक्के घटला तर उजेड तीस टक्के घटतो. पैसे दिले ११० वॅटचे, उजेड मिळाला दोन तृतीयांश. उरलेले कुठे गेले? वायर तापवण्यात. सुमारे बारा वॅटची उष्णता त्या वायरीत सतत तयार होत राहते. ती उघड्यावर असेल तर निभावते. टाकीखाली दहा वायरींच्या जुडग्यात करकचून बांधली असेल तर शेजारणींनाही तापवते. त्याहून वाईट हाल बटणाचे. बटणातली पितळेची पट्टी टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिकाणी टेकलेली असते. तेवढ्या ठिकाणावरून नऊ अँपिअर नेले, की प्रत्येक उघडझापीत बारीक ठिणगी पडते, पट्टी काळवंडते, अडथळा वाढतो, आणि एका रात्री प्लास्टिक मऊ होऊन बटण चालू अवस्थेतच चिकटते. किंवा बंद अवस्थेत, आणि तेही वळणावर. अशी वितळलेली बटणे मी एका डब्यात जमवली होती. वर्गात ती हातोहात फिरवली की माझे अर्धे व्याख्यान वाचे.

यावरचा उपाय मोटारसायकलीच्या जन्माआधीच निघालेला होता, आणि तो तारायंत्राच्या कामातून. विजेचा संदेश लांबच लांब तारेतून जाताना क्षीण होतो. १८३५ च्या सुमारास जोसेफ हेन्री या अमेरिकी प्राध्यापकाने दाखवून दिले, की पलीकडे पोचलेला क्षीण प्रवाहदेखील एक लहान विद्युतचुंबक हलवू शकतो, आणि तो चुंबक तिथल्या ताज्या बॅटरीचा खटका दाबू शकतो. याला पुढे ‘रिले’ म्हणू लागले. हा शब्द घोड्यांच्या डाकेतला: टप्प्यावर थकलेला घोडा सोडायचा, ताज्यावर स्वार व्हायचे, थैली तीच. १८५० च्या दशकात मुंबई तारेने कलकत्ता आणि मद्रासशी जोडली गेली, तेव्हा घोड्यांची डाकही आपल्याकडे ओळखीची होती. त्यामुळे हा शब्द आपल्याला परका वाटायचे कारण नाही.

मोटारसायकलवर रिलेचे काम अगदी तसेच. हॅण्डलवरच्या बटणातून फक्त निरोप जातो. साधारण पाव अँपिअरच्या आतला. तो निरोप रिलेतल्या चुंबकाला मिळतो आणि चुंबक आतला जाड खटका मिटतो. दिव्याची खरी वीज बॅटरीपासून फ्यूजमधून, रिलेतून, आखूड आणि जाड वायरीने थेट दिव्याला जाते. बटणाला तिचा स्पर्शही होत नाही. बटणस्टार्टची गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी रिले ऐकलेला आहे. बॅटरी उतरलेली असताना बटण दाबले की सीटखाली नुसते ‘टक् टक्’ होते ना? तो रिलेच. निरोप पोचला, पण पाठवायला माल शिल्लक नाही.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात आणि पाहणारा घाबरतो. ते जर्मन मानकातले आहेत आणि जगभर तेच चालतात. ३० म्हणजे बॅटरीकडून आलेली कायमची वीज. ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी. ८५ आणि ८६ ही चुंबकाची दोन टोके: एकाला बटणाकडचा निरोप, दुसऱ्याला अर्थ. एवढे चार आकडे पाठ झाले की काम झाले. निरोपाची वायर कुठून घ्यावी, याला मात्र डोके लागते. ती किल्लीच्या पुढून, शक्यतो मागच्या छोट्या दिव्याच्या वायरीवरून घ्यावी. म्हणजे किल्ली काढली की जादा दिवे आपोआप विझतात. थेट बॅटरीवरून घेतली तर लग्नघरासमोर लावलेली गाडी सकाळी सुरू होत नाही. जुन्या एसी हेडलाइटच्या गाडीत ती हेडलाइटवरून घेऊन चालत नाही. एसी विजेवर साधा रिले कुरकुरतो, थरथरतो आणि लवकर मरतो.

फ्यूजची गोष्टही तारायंत्रापासूनच सुरू होते. तारघरांवर वीज पडून यंत्रे जळत. १८४७ मध्ये फ्रान्सच्या ब्रेगे यांनी सुचवले, की वाटेत मुद्दाम एक बारीक तार ठेवा, म्हणजे जळायचे ते तिथे जळेल. पुढे घरोघरी विजेचे दिवे आले तेव्हा एडिसनने ही युक्ती वापरली आणि १८९० मध्ये त्याला फ्यूजचे पेटंट मिळाले. फ्यूज दिव्यासाठी आहे, हा आपला जुना गैरसमज. दिवा गेला तर नवा येतो. फ्यूज आहे तो वायरीसाठी. वायरीचे आवरण घासून तांबे चेसिसला टेकले, तर लहानशी बॅटरीसुद्धा क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज दिसायला नीटनेटका, पण त्याच्या आधीची सगळी वायर उघडी, बिनसंरक्षणाची राहते. माप वायरीवरून ठरवायचे. दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि ५५ वॅटचे दोन दिवे असतील तर १५ अँपिअरचा, म्हणजे निळा. हे रंगीत पात्याचे फ्यूज १९७० च्या दशकात निघाले: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. फ्यूज उडाला की त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चांदीने गाडी चालू होते हे खरे. फ्यूज का उडाला, हे मात्र वायर पेटल्यावरच कळते.

वायर कुठून न्यायची, याविषयी जुन्या कारागिरांची एक खूण मला आवडते. ते हॅण्डल आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून पाहत. मोटारसायकलची वायर सगळ्यात आधी तुटते ती हॅण्डलच्या मानेपाशी, कारण दिवसातून शेकडो वेळा ती तिथे वळते. तिथे जोड द्यायचा नाही, वायर ताणायची नाही, थोडा झोळ ठेवायचा. सायलेन्सर आणि इंजिनाच्या डोक्यापासून दूर. पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी बुश. जोड पिळून चिकटपट्टी लावण्यापेक्षा दाबून बसवलेली टोपी आणि वर आक्रसणारी नळी बरी. चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात वितळतो आणि पावसाळ्यात तीच पट्टी पाणी धरून ठेवते. अर्थची वायर चेसिसच्या रंगावर नव्हे, रंग खरवडून उघड्या लोखंडावर, किंवा सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला. हौशी मंडळींना एक इशारा. पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. तंतूच्या दिव्याला दिशा कळत नाही, म्हणून तेव्हा सगळे चाले. आजच्या एलईडीला दिशा कळते. ती उलटी जोडली तर पेटत नाही, कधी कधी कायमचीच.

एलईडीने जमाखर्चाची बाजू बरीच हलकी केली. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या निळ्यातूनच आजचा पांढरा उजेड येतो. ५५ वॅटच्या हॅलोजनइतका उजेड वीसएक वॅटमध्ये मिळू लागला. असे दोन दिवे सव्वातीन-साडेतीन अँपिअरवर चालतात, पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला राहावा, असा नियम आला आणि हेडलाइट बंद करण्याचे बटणच हॅण्डलवरून गेले. त्यामुळे जनित्राला तेवढी वीज कायम बाजूला ठेवावी लागते. म्हणून नव्या गाडीत जादा दिवा लावताना उरलेली शिल्लक किती, ते माहितीपुस्तिकेत पाहावे, किंवा दिवे लावून बॅटरीच्या टोकांवर मीटर धरावा. इंजिन थोड्या वेगात असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर जमा चालू आहे. साडेबारा किंवा खाली दिसले तर खर्च. हाच आपला ॲमीटर.

वीज परवडली म्हणून दिवा परवडतो, असे मात्र नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदलेल्या तपशिलात बदल करायला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत गाडीचा दिवा तपासून मंजूर होतो, तेव्हा त्याचा उजेड कुठे पडतो, हेही मोजले जाते. दुकानात टांगलेल्या सगळ्याच दिव्यांची अशी तपासणी झालेली नसते. एलईडीचा निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जास्त खुपतो आणि धुक्यात अंगावर परततो. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या रस्त्यावर जुलैत ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांनी ही पांढरी भिंत पाहिली असेल. तिथे दिवा खाली, रस्त्याच्या डाव्या कडेवर हवा. जादा दिव्याचे बटण अप्परबरोबरच विझेल असे जोडले, तर समोरून वाहन आल्यावर एका अंगठ्याने दोन्ही खाली येतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढचा दिवा कायम खाली झुकलेला असावा म्हणून एक माप दिले आहे: दिव्यापासून आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो दिपवता कामा नये. हे घरी पाहता येते. सपाट जागेवर, भिंतीपासून आठ मीटरवर गाडी स्टँडवरून काढून उभी करावी, कुणाला तरी सीटवर बसवावे, भिंतीवर दीड मीटरवर खडूची रेघ ओढावी आणि जादा दिवा लावावा. झळझळीत ठिपका त्या रेघेच्या बराच खाली, दिव्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षाही खाली पडला पाहिजे. तसा पडला की स्क्रू आवळावा. मग मागे आणखी एका माणसाला बसवून पुन्हा पाहावे. मागे वजन आले की गाडीचे नाक वर उचलते, आणि मघाशी खाली पडलेला ठिपका खडूच्या रेघेकडे चढू लागतो.